पोळी निघाली, पोटाचं काय? कमी कर्बोदकांच्या डब्याची वही, नागपूर

2 फेब्रुवारी 2025

उद्यापासून डबे सुरू. त्रिमूर्तीनगरच्या स्वयंपाकघरात मी आणि मावशी, डबे पोचवायला मावशींचा मुलगा, आणि पहिल्या फेरीत दहा-बारा घरं. कुणाला मधुमेह आहे, कुणी त्याच्या उंबरठ्यावर आहे. प्रत्येकाच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय, आणि कोण कुठल्या गोळ्या घेतो ती यादी वहीच्या पहिल्या पानाला टाचली आहे. टाइप 1 मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, पित्ताशयातले खडे आणि गरोदरपण असलेल्या कुणालाही या फेरीत घेतलेलं नाही.

दिवसाला 130 ग्रॅमच्या आत कर्बोदकं ठेवली की त्याला साधारणपणे कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. 20 ते 50 ग्रॅमवर आणलं की तो कीटो. आपण 80 ते 100 च्या घरात राहणार. दुपारी अर्धी ज्वारीची भाकर, रात्री धान्य नाही. बाकी भरपूर भाजी, थोडी उसळ, पनीर, अंडी, खाणाऱ्यांना चिकन-मासळी, दही, ताक, दाणे, तीळ.

साखरेच्या नोंदी ज्याच्या त्याच्या घरी होतील. ही वही फक्त पोटाची. आजवर माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी हा आहार सोडला, त्यातल्या बहुतेकांनी तो पोटापायी सोडला. भूक सहन होते, पोळीची सय सहन होते. चार दिवस पोट साफ झालं नाही की मात्र माणूस हात टेकतो. आणि कारण सांगत नाही, ‘जमलं नाही’ एवढंच म्हणतो. पोळी-भात ताटातून निघतात तेव्हा त्यांच्यासोबत आणखी काय काय निघून जातं, आणि ते आपल्या इथल्याच जिनसांनी परत कसं भरून काढायचं, हे मला या फेरीत नीट मांडायचं आहे.

6 फेब्रुवारी

अपेक्षेप्रमाणे फोन सुरू. डोकं जड, पाय गळून गेल्यासारखे, रात्री पोटऱ्यांत गोळे. महालातले काकाजी म्हणाले, ‘ताई, वजन तर दोन किलो उतरलं, पण अंगात जीवच नाही राह्यला.’

उतरलेलं हे वजन मुख्यतः पाण्याचं. यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि स्नायूंत 400 ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवलेलं असतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कर्बोदकं कमी झाली की हा साठा वापरला जातो आणि पाणी मोकळं होतं. शिवाय इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. म्हणून नुसतं पाणी ढोसून बरं वाटत नाही, सोबत मीठ लागतं.

हे पोटाच्या वहीत एवढ्यासाठी, की बद्धकोष्ठाची सुरुवात इथूनच होते. मोठ्या आतड्याचं एक काम पाणी शोषून घेणं. शरीर कोरडं पडलं की ते जास्त ओढून घेतं आणि मळ खड्यासारखा होतो. चोथ्याचा (फायबरचा) विचार नंतर, आधी पाणी आणि मीठ.

उपाय: सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला मोठा पेला पातळ ताक, त्यात मीठ, जिरेपूड, सांबार (कोथिंबीर). रात्रीच्या डब्यात पालकाचं किंवा कोंबडीचं सूप.

मानेवाड्याच्या काकूंना मात्र वरून मीठ द्यायचं नाही. रक्तदाबासाठी त्यांना ‘पाण्याची गोळी’ (लघवीवाटे पाणी-मीठ काढणारी) चालू आहे आणि काल देवघरातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांच्या डॉक्टर मॅडमला फोन केला. त्यांनी घरी दोन्ही वेळा दाब मोजायला लावला आणि गोळीचा डोस निम्मा केला. आहार बदलला की दाबाच्या गोळ्याही बदलाव्या लागू शकतात, हे प्रत्येक घरी सांगायचं.

11 फेब्रुवारी

आज दिवसभर एकच विषय. निम्म्याहून जास्त घरी पोट साफ नाही.

लोक या विषयावर बोलायला लाजतात, त्यामुळे ब्रिस्टल तक्ता छापून डब्यांसोबत पाठवला. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी 1997 मध्ये मांडलेला हा तक्ता मळाचे सात प्रकार चित्रांतून दाखवतो. 1 म्हणजे सुट्या कडक लेंड्या, 4 म्हणजे मऊ, सलग, 7 म्हणजे निव्वळ पाणी. सकाळी मला फक्त आकडा पाठवायचा. युक्ती चालली. ज्या काकू ‘ठीक आहे’ एवढंच बोलायच्या त्यांचा आज ‘1, खूप जोर लावला’ असा निरोप आला.

आता हिशेब. काकाजी दोन वेळच्या मिळून सहा पोळ्या खायचे. एका पोळीला 30 ग्रॅम धरली तर 180 ग्रॅम कणीक. चोकरासकट 100 ग्रॅम कणकेत साधारण 11 ग्रॅम चोथा असतो, म्हणजे रोजचा जवळपास 20 ग्रॅम चोथा त्यांना पोळीतूनच मिळत होता. माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम लागतो. पोळीच्या जागी पनीर, अंडी, चिकन आलं, आणि या तिन्हींत चोथा शून्य. म्हणजे पोळीसोबत काकाजींच्या ताटातून दोन तृतीयांश चोथा निघून गेला. आमच्या डब्यात भाजी आहे, पण काकाजी आधी पनीर संपवतात आणि भाजी अर्धी परत पाठवतात. डबा परत आला की मावशी रोज उघडून दाखवतात.

भरून काढायचं गणित असं: 100 ग्रॅम वांग्यात किंवा भेंडीत चारेक ग्रॅम, मेथीत आणि गवारीत पाचेक. दोन्ही वेळच्या मिळून 400 ग्रॅम भाजी पोटात गेली की 16 ग्रॅमच्या पुढे जातो. उरलेलं जवस, तीळ, दाणे आणि मूठभर उसळ यांतून. ताटातली भाजी आता तोंडीलावणं राहिली नाही, तीच जेवण आहे. काकाजींच्या डब्यात उद्यापासून वरचा खण भाजीचा, खालचा पनीरचा.

वर्धा रोडच्या वहिनींचं कारण वेगळं निघालं. त्यांनी आपल्या मनाने सकाळचा नाश्ता बंद केला आहे, दुपारी एकपर्यंत पोटात काही नाही. सकाळी पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, हा शरीराचा स्वभाव आहे. वर्षानुवर्षं पोह्यांनंतर जाणाऱ्या बाईचे पोहे बंद झाले आणि ती वेळही गेली. पोहे परत नकोत, पण उठल्यावर कोमट पाणी, मग दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं, आणि कळ येवो न येवो, दहा मिनिटं बसायचं. त्यांच्या घरी कमोड आहे. पायाखाली छोटं स्टूल घ्या म्हटलं. गुडघे कमरेच्या वर आले की मार्ग सरळ होतो, उकिडवं बसल्यासारखा.

13 फेब्रुवारी

इतवारीतून जवस आणि इसबगोल आणलं.

जवसाची चटणी आपल्या विदर्भात घरोघरी होते, आणि या आहारासाठी तिच्यासारखी जिन्नस दुसरी नाही. 100 ग्रॅम जवसात 27 ग्रॅमच्या आसपास चोथा असतो आणि बाकीची कर्बोदकं नावालाच. पण भाजणं नीट हवं. मावशी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर जवस टाकतात आणि कान देऊन उभ्या राहतात. आधी एखाददुसरा दाणा तडतडतो, मग सगळी कढई बोलायला लागते आणि दाणे उड्या मारतात. तेव्हा वर ताट झाकायचं, कढई दोनदा हलवायची आणि लगेच परातीत ओतायचं. कढईत राहिलं की करपून कडू होतं. पूर्ण गार झाल्यावर लाल मिरची, जिरं, मीठ घालून कुटायचं. कुटायचंच, कारण अख्खा दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो आणि त्याचा काही उपयोग होत नाही. कुटलेल्या जवसाला लवकर खवट वास येतो, म्हणून आठवड्याला पुरेल एवढंच.

सुरुवात एका चहाच्या चमच्याने. पहिल्याच दिवशी मूठभर खाल्लं तर पोट फुगणार. चोथा हळूहळू वाढवायचा आणि त्यासोबत पाणी वाढवायचं. पाण्याविना चोथा म्हणजे सुक्या गवताची गंजी, उलटा अडकून बसतो.

इसबगोल त्या लोकांसाठी, ज्यांचा आकडा अजून 1 किंवा 2 आहे. रात्री एक चमचा भुसी मोठ्या पेलाभर पाण्यात, फुगायच्या आत प्यायची, वरून आणखी अर्धा पेला पाणी. कोरडी भुसी तोंडात टाकायची नाही, घशात फुगू शकते. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना द्यायचीच नाही. गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर, नाही तर औषध नीट शोषलं जात नाही.

19 फेब्रुवारी

काकाजींचा आकडा 3-4 वर आला. भाजीचा खण रिकामा येतो.

पण वहिनींची तक्रार आता ‘पोट ढोलकं झालं’ अशी. डब्याच्या वर त्या घरी काय खातात ते विचारलं. रात्री भाताच्या जागी किसलेल्या फुलकोबीचा ‘भात’, त्यात मश्रूम, भरपूर कांदा-लसूण. कर्बोदकांच्या हिशेबात सगळं बरोबर. पोटाच्या हिशेबात मात्र हे चारही वात धरणारे. फुलकोबी आणि मश्रूममध्ये मॅनिटॉल, कांदा-लसणात फ्रुक्टन. ही कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पुढे मोठ्या आतड्यात जातात, तिथे पाणी ओढतात, आणि जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पदार्थांचा गट करून त्याला ‘फॉडमॅप’ नाव दिलं, 2005 च्या सुमारास. भाताच्या जागी फुलकोबी धरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

तीन आठवडे फुलकोबी, मश्रूम, कांदा-लसूण बंद. त्याजागी दोडकं, पडवळ, ढेमसं, पालक, वांगं. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून पाहायचा, कारण कांदा-लसणातलं हेच फ्रुक्टन आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं अन्न आहे. कायमचं तोडण्यात तोटा आहे.

मावशींचा प्रश्न रास्त होता: ‘कांदा नाही, लसूण नाही, मंग भाजीले चव कुठून येईन?’ मार्ग असा निघाला. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून फोडणीच्या तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या लाल परतायच्या आणि काढून टाकायच्या, वास तेलात राहतो. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग. आज अशी दोडक्याची भाजी केली, मावशींनी दोनदा चाखली आणि मान डोलावली.

पाटोडीबद्दलही विचारणा आहे. बेसनात प्रथिनं चांगली, पण हरभऱ्यात रॅफिनोज असतं आणि तेही वात धरतं. आठवड्यातून एकदा, चार वड्या, रस्सा पातळ. उसळीची कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, मगच शिजवायची.

26 फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवासाचे डबे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, चोथा नावालाही नाही, तो दिला नाही. काकडीची कोशिंबीर, दही, दाण्याची आमटी, थोडा राजगिरा. दाणे मूठभरच खा असं बजावलं. रिकाम्या पोटी दाण्यांचा मारा झाला की संध्याकाळी जळजळ ठरलेली.

4 मार्च

इतवारीच्या भाऊंना दुपारी तीन-चारच्या सुमारास पातळ होतं. आकडा 6, कधी 7. सुटीच्या दिवशी मात्र ठीक. डबा रोज तोच, मग फक्त दुकानात असतानाच काय होतं? गल्ल्याच्या खणात साखरविरहित चॉकलेटं निघाली, जेवणानंतर चार-पाच खातात. त्यात मॅल्टिटॉल. सॉर्बिटॉल, मॅल्टिटॉल ही मंडळी वर सांगितलेल्या मॅनिटॉलच्याच जातीची, जास्त झाली की जुलाब. पाकिटावर तशी सूचना असते, बारीक अक्षरात. मॅल्टिटॉलने थोडी साखरही चढते, म्हणजे दुहेरी नुकसान. गोड हवंच असेल तर जेवणासोबत संत्र्याच्या तीन-चार फोडी खा म्हटलं, शिरांसकट. मृगबहाराचा माल बाजारात आहे, नागपुरात राहून संत्रं पूर्ण तोडायला कुणाला सांगू नये असं माझं मत आहे.

मानेवाड्याच्या काकूंना जुलाबाचं वेगळंच कारण. त्यांची मेटफॉर्मिनची (मधुमेहाच्या गोळीची) मात्रा नुकतीच वाढली आहे. या गोळीने अनेकांना मळमळ आणि पातळ शौच होते. जेवणाच्या मध्ये घ्यायला सांगितलं आणि डॉक्टर मॅडमना कळवलं. त्यांनी हळूहळू विरघळणारी गोळी लिहून दिली. अशी गोळी तोडायची किंवा चावायची नसते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनी बी-12 तपासून घ्यावं, तेही यादीत लिहिलं.

9 मार्च

आणखी एका घरी रात्री झोपताना ‘पोट भरायला’ मोठा पेला दूध. पाव लिटर दुधात 12 ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. मोठेपणी अनेकांना ते पचत नाही, पोट गुडगुडतं. दही लावताना विरजण त्यातलं बरंच लॅक्टोज खाऊन टाकतं, पनीर करताना ते पाण्यासोबत निघून जातं. दूध बंद, दही चालू. त्रास थांबला.

17 मार्च

धुळवड झाली. काकाजी जावयाकडे सावजीला गेले. ‘भाकर हातातबी नाही घेतली जी, नुसतं मटण अन् तर्री.’ रात्री अकराला जेवण, लगेच झोप. पहाटे छातीत जळजळ, सकाळी तेलकट पातळ शौच, दोनदा.

नियम त्यांनी मोडला नाही, कर्बोदकं खरंच कमी होती. चरबी मात्र एकदम फार. चरबीने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. भरल्या जठराने आडवं झालं की आम्ल वर येतं. शिवाय चरबी पचवायला पित्त लागतं, ते पित्ताशयातून येतं, आणि एकाच जेवणात तेवढी तर्री सांभाळणं सगळ्यांना जमत नाही. न पचलेली चरबी तशीच पुढे जाते. त्यात सावजीचा तिखटपणा. म्हणून तेल-तूप आठवड्याआठवड्याने वाढवायचं, आणि सावजी खायची तर दुपारी, तर्री वरून काढून.

पित्ताशयाचं आणखी एक. वजन फार झपाट्याने उतरलं की पित्तात खडे होण्याचा संभव वाढतो. आठवड्याला किलोच्या वर उतरू द्यायचं नाही. कुणाला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली, पाठीकडे किंवा खांद्याकडे सरकली, तर ओवा-पाणी करत बसू नका, डॉक्टर गाठा. हे आज सगळ्यांना निरोपात पाठवलं.

30 मार्च, गुढीपाडवा

श्रीखंड दोन चमचे, पुरी एक. पोटं शांत. कडुनिंबाची चटणी सगळ्यांनी खाल्ली.

12 एप्रिल

या फेरीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद.

अंबाझरीकडच्या एका काकांचा मुलगा सकाळी फोनवर घाबरलेला. काकांना कालपासून मळमळ, तीन उलट्या, पोट दुखतंय, धाप लागतेय. घरच्यांनी पित्त म्हणून गोळी दिली, लिंबूपाणी दिलं. साखर मोजली तर 190. ‘साखर तर ठीकच आहे, डब्यातलंच काही बाधलं असेल,’ असं घरच्यांचं म्हणणं.

औषधात काही बदल झालाय का, हा मी पहिला प्रश्न विचारला. पंधरा दिवसांपूर्वी नवी गोळी सुरू झाली होती. पाकिटावरचं नाव वाचायला सांगितलं: डॅपाग्लिफ्लोझिन. मी तिथेच म्हटलं, गाडी काढा, थेट इस्पितळात न्या, आणि तिथे सांगा की ही गोळी चालू आहे, आहारात कर्बोदकं कमी आहेत, रक्तातले कीटोन तपासा.

‘फ्लोझिन’ने संपणाऱ्या या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. मधुमेहाला आणि हृदयाला त्यांचा चांगला उपयोग आहे. पण कर्बोदकं खूप कमी असताना किंवा उपास पडत असताना त्या घेतल्या, तर रक्तात कीटोन आम्लं साठू शकतात, आणि तेही साखर फारशी न चढता. एरवी किटोअ‍ॅसिडोसिस (ही आम्लं साठून होणारा बिघाड) म्हटलं की साखर चारशे-पाचशे असेल असंच डोक्यात येतं. इथे ती 200 च्या आतही असू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्येच याचा इशारा दिला आहे. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप. सगळं अपचनासारखं दिसतं आणि घरोघरी त्यावर सोडा किंवा ओवा दिला जातो.

तपासणीत कीटोन वाढलेलेच निघाले. काका अतिदक्षता विभागात आहेत, सलाइन आणि इन्सुलिन चालू, शुद्धीवर आहेत.

15 एप्रिल

काका घरी आले. गोळी डॉक्टरांनी बंद केली. डबाही मी थांबवला, त्यांचं जेवण आता डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे.

आजपासून प्रत्येक घरी नवा नियम: कुठलीही नवी गोळी सुरू झाली तर पहिल्या डोसाआधी मला कळवायचं. ‘फ्लोझिन’वाली गोळी आणि हा डबा एकत्र चालणार नाहीत, जोवर डॉक्टर स्वतः लिहून देत नाहीत. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवाल्यांना धोका उलट बाजूचा, साखर एकदम उतरण्याचा. हातपाय कापणं, घाम, पोटात खड्डा पडणं याला ‘भूक लागली’ समजू नका, आधी साखर मोजा. हे दोन कागद लाल शाईत छापून डब्याच्या झाकणाला चिकटवले.

28 एप्रिल

उन्हाने कहर केलाय. कूलरसमोर बसूनही तोंडाला कोरड. दुपारचे डबे आता साडेअकराच्या आत निघतात, ताक बर्फाच्या पेटीत.

आकडे परत 2 कडे सरकले. भाज्या त्याच, जवस तेच, बदललं फक्त ऊन. घामात पाणी आणि मीठ जातं, आतड्याच्या वाट्याला उरत नाही. लघवीचा रंग पाहायला सांगितलं. फिकट पिवळा ठीक, गडद झाला की पाणी कमी. उन्हाळ्यात मूतखड्याची भीती वेगळीच. पालक आठवड्यातून एकदाच आणि दह्यासोबत. पालकात ऑक्झलेट भरपूर, दह्यातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं. लिंबू रोज, त्यातलं सायट्रेट खडे होऊ देत नाही. आंब्याचं पन्हं गुळाशिवाय, मीठ-जिऱ्याचं, लोकांना फार आवडलं.

21 मे

वहिनींना बाहेरचं काहीतरी बाधलं, सकाळपासून जुलाब. मी ओआरएस घ्या म्हटलं तर म्हणाल्या, ‘पण ताई, त्यात साखर असते ना? मी नुसतं मीठ-पाणी घेऊन राहिली.’

हा गैरसमज मोडायलाच हवा. आतड्याच्या भिंतीत मीठ आत घेणारं जे दार आहे ते ग्लुकोजसोबत उघडतं. ग्लुकोजच्या रेणूमागे सोडियम आत जातं, सोडियममागे पाणी. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आहे, 2.6 ग्रॅम मीठ आहे. तेवढ्या ग्लुकोजने कुणाचं बिघडत नाही, पण नागपूरच्या मे महिन्यात जुलाबाने कोरडं पडलेल्या माणसाचं अर्ध्या दिवसात बिघडतं. जुलाब असतील तोवर कमी कर्बोदकांचा आहार बाजूला ठेवायचा. ओआरएस, मऊ दही-भात, केळं. मेटफॉर्मिन आणि दाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारायचं, कारण कोरड्या अंगावर त्या जड जातात.

संध्याकाळपर्यंत वहिनींनी लिटरभर घेतलं. लघवी झाली, चेहऱ्यावर तरतरी आली.

10 जून

कांदा ताटात परत आला. वहिनींना शिजवलेला अर्धा कांदा सोसतो, कच्चा नाही. फुलकोबीची छोटी वाटी चालते. मश्रूम नाही चालत, आणि त्याची त्यांना खंत नाही. काकूंची बी-12 ची तपासणी झाली, कमी निघालं, इंजेक्शनं सुरू. इतवारीच्या भाऊंनी चॉकलेटाचा खण भाजलेल्या फुटाण्यांनी आणि भोपळ्याच्या बियांनी भरला आहे.

दोन घरांनी डबा बंद केला. एकांची बदली झाली. दुसऱ्या घरच्या मावशींना पोळीशिवाय करमत नाही, त्यांच्या जेवणात आता दोन पोळ्या आणि निम्मं ताट भाजी असा हिशेब बसवून दिला. साखर थोडी जास्त राहील, पण पोट ठीक आहे आणि त्या खूश आहेत. मला हे पुरेसं वाटतं.

पन्नाशीपुढच्या सगळ्यांना आज पुन्हा सांगितलं: शौचात रक्त, काळपट मळ, न ठरवता उतरणारं वजन, किंवा शौचाची सवय अचानक बदलून तशीच राहणं, यातलं काहीही दिसलं तर आहाराला दोष देत थांबायचं नाही, तपासणी करायची.

24 जून

पहिल्या सरी झाल्या आणि बुधवार बाजारात कोवळा तरोटा (टाकळा) आला. मावशींनी न विचारता दोन जुड्या घेतल्या. तरोटा आणि पोट साफ करणारी सोनामुखी एकाच कुळातली, दोघींतही रेचक गुण. म्हणून ज्यांचा आकडा 5 च्या पुढे आहे त्यांच्या डब्यात तो जाणार नाही. काकाजींना आणि वहिनींना उद्या एकेक वाटी, कोवळी पानं उकडून पाणी काढून, तेलात लसूण परतून काढल्यावर, मूगडाळीसोबत. चिवळ आणि अंबाडी पुढच्या आठवड्यात. पावसाळी पालेभाजी तीन पाण्यांतून धुवायची, शेवटच्या पाण्यात मीठ. दुसऱ्या फेरीसाठी नऊ घरांची यादी आली आहे, गोळ्यांची पाकिटं पाहिल्याशिवाय कुणालाही तारीख द्यायची नाही.